सुपर बोल : तहनाम्यातले एक कलम

ऐरोली आणि महापे या भागांत अमेरिकन ग्राहकांची कामे सांभाळणाऱ्या कचेऱ्या मोठ्या संख्येने आहेत, आणि ठाण्यात राहून त्यांपैकी एका कचेरीत मी बरीच वर्षे रात्रपाळी करीत आलो आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडत असते, आणि फेब्रुवारीतल्या अशाच एका सोमवारी, पहाटे पाचच्या सुमारास, सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अजिंक्यपदाचा, सामना सुरू होतो. त्या आठवड्यात पलीकडच्या माणसांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलामुलींना मग प्रश्न पडतो की हा एक सामना एवढा मोठा झाला कसा, आणि त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा जाहिरातींच्या दरांची, मध्यंतरातल्या गाण्याच्या कार्यक्रमाची आणि प्रेक्षकसंख्येची असतात. ही सगळी सामना मोठा झाल्यानंतरची लक्षणे आहेत. तो जन्माला का आला, याचे उत्तर १९५९ ते १९७० या काळात शोधावे लागते, आणि मला तो काळ खेळांच्या इतिहासातला एक अत्यंत विलक्षण काळ वाटतो.

सुपर बोल हा कोणी उत्सव म्हणून आखलेला नव्हता. एकमेकींना संपवायला निघालेल्या दोन लीगनी वाढत्या खर्चापुढे हात टेकून तह केला, आणि त्या तहातले एक कलम असे होते की दोन्हीकडच्या विजेत्यांनी वर्षाच्या शेवटी एकमेकांशी खेळावे. पहिले चार सामने त्या कलमानुसार झाले. ते चार सामने एका भांडणाचा निकाल म्हणून पाहिले, तरच त्यांचा खरा अर्थ लागतो, असे माझे ठाम मत आहे.

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये अंतिम सामन्याची पद्धत त्याआधीही होती. ओहायो राज्यातल्या कँटन या गावी, मोटारी विकण्याच्या एका दालनात, १९२० साली काही संघांचे चालक एकत्र जमले आणि त्यांनी एक संघटना स्थापन केली. १९२२ मध्ये तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, असे झाले. सुरुवातीची बारा वर्षे अंतिम सामना नव्हता, हंगामातल्या कामगिरीवरूनच विजेता ठरत असे. १९३२ मध्ये दोन संघ बरोबरीत राहिले, तेव्हा एक जादा सामना घ्यावा लागला. शिकागोत त्या वेळी हिमवर्षाव आणि कडाक्याची थंडी असल्यामुळे तो सामना शिकागो स्टेडियमच्या बंदिस्त सभागृहात, नेहमीपेक्षा आखूड मैदानावर खेळवला गेला, आणि त्यात शिकागो बेअर्सने पोर्ट्समथ स्पार्टन्सला ९-० असे हरवले. लोकांना ती कल्पना आवडल्यामुळे पुढच्याच वर्षी लीगचे दोन विभाग करण्यात आले आणि विभागविजेत्यांमध्ये दरवर्षी अंतिम सामना होऊ लागला. त्यानंतरची पंचवीस वर्षे हा खेळ महाविद्यालयीन फुटबॉल आणि बेसबॉल यांच्या सावलीतच वाढला.

ती सावली दूर होण्यास २८ डिसेंबर १९५८ हा दिवस कारणीभूत झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यातला अंतिम सामना ठरलेल्या वेळेत बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत कोल्ट्सने तो २३-१७ असा जिंकला. देशभरातल्या घरांमध्ये दूरचित्रवाणीवर तो पाहिला गेला. या सामन्यातली दोन माणसे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन चढाई चालवणारा खेळाडू, जॉनी युनायटस, आणि दुसरे कोल्ट्सचे प्रशिक्षक वीब युबँक. दहा वर्षांनंतर हीच दोन माणसे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभी राहिली.

आता मुख्य माणसाकडे येतो. लमार हंट हा टेक्सासमधला अतिश्रीमंत तेलव्यावसायिक एच. एल. हंट यांचा मुलगा. डॅलस शहरात एनएफएलचा संघ आणावा अशी त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी त्याने शिकागो कार्डिनल्स हा संघ विकत घेण्याचा प्रयत्न केला. मालकांनी पूर्ण मालकी देण्यास नकार दिला. नवे संघ वाढवण्याचा उत्साह लीगलाही नव्हता. मात्र बोलण्याच्या ओघात हंटला एक गोष्ट समजली, ती म्हणजे हाच संघ मागायला ह्यूस्टनच्या बड ॲडम्सप्रमाणे इतर शहरांतले धनिकही येऊन रिकाम्या हाताने परतले होते. परतीच्या विमानप्रवासात हंटच्या मनात आले की नाकारल्या गेलेल्या या सर्वांनी मिळून स्वतःचीच लीग का काढू नये, आणि त्याने विमान कंपनीच्याच कागदावर तिचा आराखडा लिहून काढला. ऑगस्ट १९५९ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, जाहीर झाली तेव्हा हंट नुकताच सत्तावीस वर्षांचा झाला होता. त्या आठ संघांच्या मालकांनी स्वतःला 'मूर्खांचा क्लब' असे नाव दिले होते, कारण पैसा पाण्यात जाणार हे त्यांना चहूकडून ऐकवले जात होते.

एनएफएलने प्रतिकार लगेच सुरू केला. नव्या लीगमध्ये येऊ घातलेल्या मिनिॲपोलिसच्या मालकांना तिने स्वतःकडे ओढून घेतले, आणि त्यांच्या जागी ऐन वेळी ओकलंडचा संघ उभा करावा लागला. खुद्द डॅलसमध्ये एनएफएलने डॅलस काउबॉइज हा संघ उतरवला. हंटचा डॅलस टेक्सन्स आणि हा काउबॉइज, असे दोन संघ १९६० पासून एकाच शहरात प्रेक्षकांसाठी झगडू लागले. टेक्सन्सने १९६२ मध्ये एएफएलचे अजिंक्यपद पटकावले, ह्यूस्टनला दुहेरी जादा वेळेत २०-१७ असे हरवून. तरीही डॅलसमध्ये दोन संघांचा निभाव लागणार नाही हे हंटने ओळखले आणि १९६३ मध्ये तो आपला विजेता संघ घेऊन कॅन्सस सिटीला गेला. तिथे त्या संघाचे नाव कॅन्सस सिटी चीफ्स झाले. घरच्या शहरासाठी ज्याने सगळा डाव मांडला, त्यालाच ते शहर सोडावे लागले, आणि लीग वाचवण्यासाठी त्याने ते सोडले. हंटविषयी माझ्या मनात जो आदर आहे, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

नवी लीग पहिल्या दोनतीन वर्षांत बुडाली नाही, याचे कारण दूरचित्रवाणीच्या पैशाची वाटणी हे आहे, आणि या भागाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तोवर एनएफएलमधला प्रत्येक संघ आपापला प्रक्षेपण करार स्वतंत्रपणे करीत असे. न्यूयॉर्कसारख्या महानगरातल्या संघाला भरघोस पैसा मिळे आणि छोट्या गावातल्या संघाला अगदी तुटपुंजा. एएफएलने सुरुवातीलाच सर्व संघांचे हक्क एकत्र करून एबीसी या वाहिनीला विकले आणि रक्कम सगळ्यांत सारखी वाटून घेतली. एनएफएलचे नवे आयुक्त पीट रोझेल यांना ही कल्पना पटली. आधीचे आयुक्त बर्ट बेल यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९६० मध्ये, मतदानाच्या तब्बल तेविसाव्या फेरीत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांची निवड झाली होती. एकत्रित विक्री मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकू नये म्हणून त्यांनी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, १९६१ मध्ये खास कायदा करून घेतला, आणि पुढच्या वर्षी सीबीएसने एनएफएलला वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले. १९६४ मध्ये ही रक्कम वर्षाला १ कोटी ४१ लाखांवर गेली. विस्कॉन्सिनमधले ग्रीन बेसारखे लहानसे गाव न्यूयॉर्कच्या संघाशी बरोबरीने टक्कर देऊ शकले, त्यात प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांच्या कर्तृत्वाबरोबरच या समान वाटणीचाही मोठा वाटा आहे. आणि ती कल्पना प्रत्यक्षात आधी आणली होती ती 'मूर्खांच्या क्लब'ने. १९६४ च्या आरंभीच एनबीसीने एएफएलशी पाच वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा नवी लीग आता मरणार नाही हे सर्वांना कळून चुकले.

आपल्याकडे याच्याशी ताडून पाहण्याजोगी घटना फार जुनी नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १ जून २००८ रोजी आयपीएलचा पहिला अंतिम सामना झाला आणि राजस्थान रॉयल्सने चेन्नईला अखेरच्या चेंडूवर हरवले, हे नवी मुंबईकरांना अभिमानाने आठवते. पण त्याआधी, २००७ मध्ये, झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग सुरू केली होती. क्रिकेट नियामक मंडळाने तिच्यात गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, स्वतःची लीग जाहीर केली, आणि आयसीएल लवकरच बंद पडली. एएफएलचे असे का झाले नाही? माझ्या मते त्याचे कारण खेळाडू कुठून येतात यात आहे. आपल्याकडे क्रिकेटपटूचे स्वप्न देशाकडून खेळण्याचे असते आणि त्या स्वप्नाची किल्ली मंडळाच्या हाती असते. मोठी मैदानेही बहुतांशी मंडळाशी संलग्न संघटनांकडेच असतात. अमेरिकेत फुटबॉलपटू महाविद्यालयांतून दरवर्षी तयार होऊन बाहेर पडतात, त्यांच्यासमोर राष्ट्रीय संघ नावाची गोष्ट नसते, आणि मैदाने शहरांची किंवा विद्यापीठांची असतात. त्यामुळे एनएफएलला बंदीचे हत्यार परजून काही साधणार नव्हते. तिला फक्त जास्त पैसे मोजता येत होते, आणि समोरच्यांकडेही पैसा होता.

एएफएलने आणखी एका बाबतीत जुन्या लीगला मागे टाकले, आणि ती बाब माझ्या दृष्टीने पैशाहून महत्त्वाची आहे. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांमध्ये उत्तम खेळाडू घडत होते, पण एनएफएलच्या बऱ्याच संघांची नजर तिकडे फारशी वळत नव्हती. वॉशिंग्टनच्या संघात तर १९६२ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. महाविद्यालयांतले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडून घेण्याच्या एएफएलच्या १९६३ च्या निवडप्रक्रियेत हंटच्या संघाने सर्वांत पहिली निवड केली ती लुइझियानातल्या ग्रँबलिंग महाविद्यालयाच्या बक ब्यूकॅननची. जानेवारी १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे एएफएलचा निवडक खेळाडूंचा सामना व्हायचा होता. तिथल्या टॅक्सीवाल्यांनी आणि क्लबांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना अपमानास्पद वागणूक दिली, तेव्हा त्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला, आणि लीगने त्यांच्या बाजूने उभे राहून तो सामना ह्यूस्टनला हलवला. लीग नवी असल्यामुळे तिला जुन्या रूढींचे ओझे कमी होते, आणि ते तिच्या संघांच्या दर्जात पुढे स्पष्ट दिसले.

खेळाडूंसाठीची चढाओढ १९६५ मध्ये टोकाला पोहोचली. अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जो नेमथ याला न्यूयॉर्क जेट्सने ४ लाख २७ हजार डॉलर देऊन एएफएलमध्ये आणले. त्या काळी हा आकडा डोळे पांढरे करणारा होता. प्रत्येक गुणवान विद्यार्थ्यामागे दोन्ही लीगचे प्रतिनिधी लागत, आणि प्रतिस्पर्ध्यांना गाठता येऊ नये म्हणून काही मुलांना हॉटेलांमध्ये ठेवून त्यांच्यावर पहारा करीत. निदान एक अलिखित नियम पाळला जात होता की एकदा करारबद्ध झालेला व्यावसायिक खेळाडू पळवायचा नाही. मे १९६६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने बफेलो बिल्सचा पीट गोगोलॅक याला आपल्याकडे घेतले आणि तो नियमही मोडला. हा गोगोलॅक मूळचा हंगेरीचा, सॉकरच्या पद्धतीने पायाच्या बाजूने चेंडू मारणारा. एएफएलचे नवे आयुक्त अल डेव्हिस हे लढाऊ वृत्तीचे होते, आणि त्यांनी एनएफएलचे क्वार्टरबॅक फोडण्याची मोहीमच उघडली.

गंमत अशी की त्याआधीच पडद्यामागे तहाची बोलणी सुरू झाली होती, आणि त्यांचा पत्ता अल डेव्हिस यांना नव्हता. ६ एप्रिल १९६६ रोजी डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर, टेक्सास रेंजरच्या पुतळ्यापाशी, दोन माणसे भेटली आणि बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत जाऊन बसली. त्यांपैकी एक होता लमार हंट आणि दुसरे काउबॉइजचे टेक्स श्रॅम, म्हणजे ज्या संघामुळे हंटला डॅलस सोडावे लागले त्याच संघाचे प्रमुख. एवढे वैर ज्यांच्यात असायला हवे, त्या दोघांनीच विलीनीकरणाचा पाया घातला, हे वाचताना मला दर वेळी नवल वाटते. कदाचित एकाच शहरात दोन संघ चालवण्याचा खर्च काय असतो हे त्या दोघांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

८ जून १९६६ रोजी करार जाहीर झाला. रोझेल हेच संयुक्त लीगचे आयुक्त राहतील, खेळाडूंची निवड १९६७ पासून एकत्र होईल, एएफएलचे संघ वीस वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलर भरपाई देतील, आणि दूरचित्रवाणीचे जुने करार संपल्यावर, म्हणजे १९७० पासून, दोन्ही लीग एक होतील, असे त्यात ठरले. मधल्या चार हंगामांत दोन्ही लीगचे विजेते जानेवारीत एकमेकांशी खेळतील, असेही त्यात होते. करारावर काँग्रेसची मोहोर लागणे आवश्यक होते, कारण दोन स्पर्धकांचे असे एकत्र येणे मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडले असते. लुइझियानाचे दोन वजनदार लोकप्रतिनिधी, हेल बॉग्ज आणि रसेल लाँग, यांनी सवलतीची तरतूद एका करविधेयकाला जोडून मंजूर करून घेतली, आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी न्यू ऑर्लिन्सला एनएफएलचा संघ मिळाल्याची घोषणा झाली. देवाणघेवाण इतकी उघड होती की त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

नावाची कथा बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. हंटच्या मुलांकडे सुपर बॉल नावाचा, फार उंच उसळणारा रबरी चेंडू होता, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांना रोझ बोल, ऑरेंज बोल अशी नावे आधीपासून होतीच. या दोहोंच्या मिश्रणातून सुचलेले नाव हंटने जुलै १९६६ मध्ये रोझेल यांना पत्राने कळवले आणि याहून चांगले नाव सहज सापडेल असेही लिहिले. रोझेल यांना ते नाव हलके वाटले. पहिल्या सामन्याचे अधिकृत नाव 'एएफएल-एनएफएल जागतिक अजिंक्यपद सामना' असे लांबलचक ठेवण्यात आले, पण वृत्तपत्रांनी आणि निवेदकांनी हंटचेच नाव उचलले, आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत ते अधिकृतही झाले.

पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियममध्ये झाला. मैदान कोणते, हे जाहीर झाले तेव्हा सामन्याला जेमतेम दीड महिना उरला होता. सर्वांत महाग तिकीट १२ डॉलरचे होते, आणि तरीही नव्वद हजारांहून अधिक आसनांच्या त्या मैदानात ६१,९४६ प्रेक्षक आले. सुपर बोलच्या इतिहासात मैदान भरले नाही असे म्हणतात ते याच सामन्याबद्दल. लॉस एंजेलिसच्या परिसरात प्रक्षेपण बंद ठेवण्यात आले होते, आणि त्यामुळे स्थानिक लोक चिडले होते. एनएफएलचे हक्क सीबीएसकडे आणि एएफएलचे एनबीसीकडे असल्यामुळे दोन्ही वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखवला. दोन्ही लीगचे चेंडूसुद्धा वेगळे होते, म्हणून जो संघ चढाई करीत असेल त्याने आपल्या लीगचा चेंडू वापरायचा, अशी तडजोड करण्यात आली. दुसऱ्या सत्राची सुरुवात तर दोनदा करावी लागली, कारण पहिल्या वेळी चेंडू हवेत गेला तेव्हा एनबीसी अजून मैदानावर परतलीच नव्हती. इतके करूनही दोन्ही वाहिन्यांनी त्या सामन्याच्या फिती जपून ठेवल्या नाहीत. आज ज्या सामन्याच्या एकेका क्षणाचे अनेक कॅमेऱ्यांनी चित्रण होते, त्याच्या पहिल्या प्रक्षेपणाची संपूर्ण प्रत वाहिन्यांच्या संग्रहात उरलेली नाही, ही मला खरोखर दुःखाची गोष्ट वाटते.

मैदानावर मात्र ताण विलक्षण होता. ग्रीन बे पॅकर्स हा तेव्हाचा सर्वांत बलाढ्य संघ, आणि त्यांच्यापुढे हंटचा कॅन्सस सिटी चीफ्स. एनएफएलच्या मालकांनी लोंबार्डी यांच्यावर केवढे दडपण आणले असेल याची कल्पना करता येते, कारण हरणे म्हणजे सत्तेचाळीस हंगामांची प्रतिष्ठा सात वर्षांच्या लीगपुढे ठेवणे होते. पहिला टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, झाला तो पॅकर्सच्या मॅक्स मॅगीकडून. उतारवयाकडे झुकलेल्या या राखीव खेळाडूने त्या हंगामात अवघे चार पास झेलले होते. आपल्याला खेळावे लागणार नाही अशी खात्री असल्याने तो आदली रात्र बाहेर घालवून आला होता. पण बॉइड डाउलर जखमी झाला आणि मॅगीला मैदानात उतरावे लागले. त्याने पाठीमागे गेलेला पास एका हाताने ओढून घेतला आणि ३७ यार्डांचा टचडाउन पूर्ण केला. सामना संपेपर्यंत त्याच्या नावावर सात झेल, १३८ यार्ड आणि दोन टचडाउन होते. मध्यंतराला पॅकर्सकडे १४-१० अशी निसटतीच आघाडी होती, आणि चीफ्स बरोबरीने खेळत होते. दुसऱ्या सत्राच्या आरंभी चीफ्सचा क्वार्टरबॅक लेन डॉसन याचा पास पॅकर्सच्या विली वुडने मध्येच पकडला आणि तो ५० यार्ड धावत पाच यार्डांच्या रेषेपर्यंत गेला. पुढच्याच चालीत टचडाउन झाला आणि तिथून सामना एकतर्फी होऊन ३५-१० असा संपला. पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार सर्वोत्तम खेळाडू ठरला. पत्रकारांनी फारच आग्रह धरला तेव्हा लोंबार्डी यांनी सांगून टाकले की चीफ्स चांगले असले तरी एनएफएलमधल्या उत्तम संघांच्या तोडीचे नाहीत. ते वाक्य चीफ्सच्या खेळाडूंना लागले.

दुसऱ्या सामन्यात, जानेवारी १९६८ मध्ये, पॅकर्सने ओकलंड रेडर्सला ३३-१४ असे सहज हरवले, आणि नव्या लीगची बरोबरी म्हणजे केवळ कागदावरची गोष्ट आहे, हे मत आणखी पक्के झाले.

तिसरा सामना १२ जानेवारी १९६९ रोजी मायामीत झाला, आणि त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की मी मोजकेच लिहितो. बाल्टिमोर कोल्ट्सने हंगामात चौदापैकी तेरा सामने जिंकले होते आणि एनएफएलच्या अंतिम सामन्यात क्लीव्हलंडला ३४-० असे धुऊन काढले होते. सट्टेबाजांच्या अंदाजाने ते अठरा गुणांनी पुढे होते. सामन्याच्या तीन दिवस आधी जो नेमथने एका समारंभात आपण जिंकणारच अशी हमी दिली, आणि जेट्सने ती १६-७ अशी खरी केली. नेमथने त्या दिवशी टचडाउनचा एकही पास दिला नाही. मॅट स्नेलचे धावणे, जिम टर्नरने चेंडू लाथेने खांबांमधून मारून केलेले तीन फील्ड गोल आणि बचावफळीने पकडलेले चार पास यांनी सामना जिंकला. जेट्सचे प्रशिक्षक होते वीब युबँक, ज्यांनी १९५८ मध्ये याच कोल्ट्सला विजेतेपद मिळवून दिले होते. कोल्ट्सच्या बाजूने दुसऱ्या सत्रात दुखऱ्या हाताने उतरलेला जॉनी युनायटस होता.

या सामन्याने सगळे बदलले, असे सर्वत्र म्हटले जाते. मला ते अर्धे खरे वाटते. एक धक्कादायक निकाल कोणत्याही खेळात लागू शकतो, आणि त्यानंतरच्या वर्षभरात अनेक जाणकार तो अपघातच मानत होते. त्याचा पुरावा म्हणजे पुढच्या सामन्यातही एनएफएलच्या संघाचेच पारडे बारा-तेरा गुणांनी जड मानले गेले. ११ जानेवारी १९७० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन स्टेडियमवर तो संघ होता मिनेसोटा व्हायकिंग्ज, आणि मिनेसोटाच्या त्या मालकांनीच १९६० मध्ये नव्या लीगची साथ सोडली होती. त्यांच्यापुढे पुन्हा एकदा हंटचा चीफ्स होता. वाटेत त्यांनी गतविजेत्या जेट्सला १३-६ आणि ओकलंडला १७-७ असे, दोन्ही वेळा परक्या मैदानावर, हरवले होते. त्यांच्या संघात ब्यूकॅनन होता, बॉबी बेल होता, बचावाची मधली जागा सांभाळणारा विली लॅनियर होता, आणि त्या काळी ही नेतृत्वाची जागा कृष्णवर्णीय खेळाडूला फार क्वचित दिली जाई. जर्सीवर एएफएलच्या दहा वर्षांचे कापडी बोधचिन्ह शिवलेले होते, कारण त्या लीगमधल्या संघाचा तो शेवटचा सामना होता. मूळचा नॉर्वेचा असलेल्या यान स्टेनेरूडने तीन फील्ड गोल केले, मध्यंतराला गुणफलक १६-० दाखवत होता, ओटिस टेलरने ४६ यार्डांचा टचडाउन केला, आणि चीफ्सने २३-७ असा विजय मिळवला. या विजयात हमी देणारा कोणी नायक नव्हता आणि नाट्यही कमी होते, त्यामुळे तो लोकांच्या स्मरणात मागे पडला. पण चार सामन्यांचा हिशेब २-२ असा झाला तो या दिवशी, आणि मला विचाराल तर नवी लीग जुन्या लीगच्या बरोबरीची आहे का हा प्रश्न याच दिवशी निकालात निघाला.

पुढच्या हंगामात दोन्ही लीग खरोखर एक झाल्या. एनएफएलकडे सोळा संघ होते आणि एएफएलकडे दहा. दोन्ही बाजू समान करण्यासाठी कोल्ट्स, क्लीव्हलंड ब्राउन्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स हे तीन जुने संघ प्रत्येकी ३० लाख डॉलर घेऊन नव्यांच्या गटात आले, आणि तेरा-तेरा संघांच्या दोन परिषदा तयार झाल्या. सप्टेंबर १९७० मध्ये लोंबार्डी कर्करोगाने गेले, आणि विजेत्यांच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले. परिषदांपैकी अमेरिकन परिषदेच्या विजेत्याला जो चषक मिळतो, तो पुढे लमार हंटच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हंट डिसेंबर २००६ मध्ये वारला, आणि त्याच्या हयातीत चीफ्सला पुन्हा सुपर बोल गाठता आला नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी हंटच्या नावाचा तो चषक जिंकला आणि फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोला ३१-२० असे हरवून लोंबार्डींच्या नावाचाही मिळवला, तुलेन स्टेडियमवरच्या त्या विजयानंतर बरोबर पन्नास वर्षांनी.